बालविभागातील पुस्तकांत आदिवासींची भाषा कोठे आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून मराठीच्या वयाविषयी, तिच्या शिलालेखांविषयी आणि ग्रंथसंपदेविषयी वर्तमानपत्रांतून व सभांतून पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ते योग्यच झाले. मात्र याच राज्यात मराठीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आदिवासी भाषांविषयी आपल्या मुलांना काय वाचायला मिळते, हा प्रश्न त्या चर्चेत माझ्या तरी पाहण्यात आला नाही. मी निवृत्त शिक्षिका असून विदर्भातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात गेली काही वर्षे रविवारी सकाळी देवघेवीचे काम पाहते. त्या टेबलापलीकडून जेवढे दिसते, तेवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहातून सहावी-सातवीच्या काही मुली वाचनालयात येऊ लागल्या. त्यांतली एक, मूळची धारणी तालुक्यातली, मुखपृष्ठावर ‘आदिवासी’ हा शब्द ठळकपणे मिरवणारे लोककथांचे एक रंगीत पुस्तक कपाटातून काढून उभ्याउभ्याच बराच वेळ चाळत राहिली. मग ते टेबलावर ठेवून तिने विचारले, “बाई, हे कोणते आदिवासी?” मी चष्मा लावला आणि पुस्तक पहिल्यापासून पाहिले. जमातीचे नाव नव्हते, जिल्ह्याचे नव्हते, कथा कोणी सांगितली आणि कोणत्या भाषेत सांगितली याचा कोठे उल्लेख नव्हता. मुखपृष्ठावर डोक्याला पिसे आणि कमरेला पाने गुंडाळलेला एक मुलगा होता, तर आतल्या प्रत्येक पानाच्या कडेने वारली चित्रांतली माणसे हात धरून नाचत होती. मी तिला सांगितले, “यात लिहिलेले नाही.” मग तिला विचारले की घरी कोणती भाषा बोलता. ती चटकन म्हणाली, “मराठी येते मला.” मी ते विचारलेच नव्हते. ‘कोरकू’ हा शब्द तिच्या तोंडून निघायला आणखी दोन रविवार जावे लागले.

या मुलीच्या संकोचाचे सगळे खापर एका पुस्तकावर फोडण्याचा माझा हेतू नाही. त्यात शाळा, बाजार, एस. टी. स्थानक अशा अनेक ठिकाणी ऐकून घेतलेल्या शेऱ्यांचा वाटा असणारच. पण वाचनालय हे असे ठिकाण आहे की जेथे तिला निदान आपल्या भाषेचे नाव छापलेले दिसायला हवे होते, आणि तेथेही ते दिसले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांहून अधिक, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ९.३५ टक्के आहे. या समाजाच्या भाषा एका साच्यातल्या नाहीत, हे शहरी वाचकाला बहुधा ठाऊकच नसते. नंदुरबार-धुळ्याकडच्या भिली, पावरी, मावची किंवा पालघरची वारली या मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातल्या. गडचिरोलीची माडिया, पूर्व विदर्भातली गोंडी आणि यवतमाळ-नांदेडकडची कोलामी या द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे संताळी-मुंडारीची सख्खी आणि कंबोडियाच्या ख्मेर भाषेची दूरची नातलग. त्या विस्तीर्ण ऑस्ट्रो-आशियाई कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक आपल्या अमरावती जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे, जी जेमतेम दोन-अडीच हजार लोक बोलतात आणि जिचे कूळ अभ्यासकांना आजवर निश्चित करता आलेले नाही. जनगणनेच्या तक्त्यात दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा स्वतंत्रपणे छापल्याच जात नाहीत, त्यामुळे निहालीचे नाव तेथेही सापडत नाही. एकाच राज्यात तीन भाषाकुळे आणि शिवाय एक कोणत्याच घराण्यात न बसणारी भाषा! एखाद्या चौकस मुलासाठी याहून चित्तवेधक पुस्तकाचा विषय कोणता असेल? तरीही आमच्या बालविभागाच्या दाखल नोंदवहीत मी गेल्या दहा वर्षांच्या नोंदी बोट ठेवून तपासल्या, तेव्हा या विषयावरचे एकही पुस्तक मला आढळले नाही. डायनासोरवर मात्र अठरा पुस्तके आहेत. डायनासोरांविषयी माझी तक्रार नाही. तीही मुले झडप घालून नेतात.

भाषा हा मुलांना रुक्ष वाटणारा विषय आहे, असे आमच्या निवड समितीतील एका सदस्यांनी मला ऐकवले होते. मला अनुभव उलट आहे. एका रविवारी मी फळ्यावर ‘पाणी’ हा शब्द लिहिला आणि त्या मुलीला विचारून त्याखाली कोरकूतला ‘डा’ लिहिला. तिच्या सोबतच्या गोंड मैत्रिणीने ‘येर’ सांगितला. नंतर अंक आले. गोंडीतले उंदी, रंड, मूंद, नालूंग ऐकल्यावर, ज्याचे आजोळ सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात आहे असा एक मुलगा एकदम उठून म्हणाला की आमची आजी चारला ‘नाल्कू’ म्हणते. गोंडी आणि कन्नड एकाच घरच्या आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या कानाने ते पकडले. त्या दिवशी पुस्तके बदलून घ्यायला आलेली मुले तासभर घरी गेली नाहीत.

कोरकूबद्दल एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली आणि आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवूनही ती ठाऊक नसल्याची थोडी लाजही वाटली. आठवीत संस्कृत घेतलेली मुले ‘बालकः, बालकौ, बालकाः’ घोकताना कुरकुरत विचारतात, की दोघांसाठी वेगळे रूप हवेच कशाला? आपण त्यांना सांगतो की ही प्राचीन भाषेची खासियत आहे, मराठीत ती उरलेली नाही. पण ज्या भाषेत एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन ही तिन्ही आजही रोजच्या बोलण्यात वापरली जातात, अशी भाषा बोलणारी मुलगी त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही. ‘कोरकू’ हे नावच मुळी अनेकवचन आहे: ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लागून झाली माणसे. तसेच, ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेऊन ‘आपण’ हा जो भेद मराठीला आहे आणि हिंदीच्या ‘हम’ला नाही, तो कोरकूतही आहे, एवढेच नव्हे तर तेथे दोघांचे ‘आपण’ आणि पुष्कळांचे ‘आपण’ असाही फरक होतो. ज्या भाषेची आपण ‘बोली’ म्हणून बोळवण करतो, तिचे हे व्याकरण आहे.

आता कपाटात जी पुस्तके आहेत त्यांच्याकडे वळते. ती संख्येने फार नाहीत आणि त्यांतील बहुतेकांचा हेतू चांगला आहे, हे मान्य करूनही ती वाचताना काही गोष्टी खटकत राहतात. माहितीपर पुस्तकांत आदिवासी नेहमी भूतकाळात किंवा कालातीत वर्तमानकाळात राहतात: ‘ते जंगलात राहतात, ते शिकार करतात, ते निसर्गाची पूजा करतात.’ आमच्या वाचनालयात येणाऱ्या या मुलींपैकी एकीची आई अंगणवाडी सेविका आहे आणि एकीचा भाऊ पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. ही माणसे त्या ‘ते’मध्ये कोठेच बसत नाहीत. शाळांच्या स्नेहसंमेलनांत चेहऱ्याला काळा रंग फासून ‘झिंगालाला’च्या तालावर जो तथाकथित आदिवासी नाच बसवला जातो, त्याचाच हा छापील भाऊ आहे, फक्त जरा सभ्य कपड्यांतला.

कथांची पुस्तके आणखी वेगळ्या रीतीने चुकतात. आदिवासी पात्र बोलू लागले की लेखक त्याच्या तोंडी ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘म्या’ असे शब्द घालतो. हे शब्द मराठीच्याच ग्रामीण बोलींतले आहेत आणि त्यांत हीन काही नाही. पण कोलामी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाची घरची भाषा म्हणजे अशी थोडी वाकडी मराठी, असा समज त्यातून वाचणाऱ्या मुलाच्या मनात नकळत पक्का होतो. तो माणूस मराठी ही दुसरी भाषा म्हणून बोलतो आहे, म्हणजेच त्याला आपल्यापेक्षा एक भाषा अधिक येते, ही साधी गोष्ट पुस्तक सांगतच नाही. एखादी कथा खरोखर कोरकूतून आली असेल तर तिच्यात एक तरी कोरकू वाक्य, एक हाक, गोष्ट सुरू करण्याची रूढ पद्धत, निदान एखादे गाणे मूळ भाषेत अर्थासह का असू नये? आपल्याकडच्या मुलांनी परदेशी पुस्तकांतली अवघड नावे विनातक्रार पाठ केली आहेत. दोन ओळींची कोरकू त्यांना नक्कीच पेलेल.

वारली चित्रांविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण सर्वाधिक सैलपणा तेथे झाला आहे. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिणे हे वारली समाजात सवाशिणींचे काम. चौकात पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी तेव्हा गाणी म्हणते. म्हणजे ही चित्रे मुळात गाण्यासह, आणि त्यामुळे भाषेसह, जगणारी आहेत. ती कागदावर येऊन जगभर पोहोचली यात जिव्या सोमा म्हसे यांचा मोठा वाटा आहे, आणि २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण आज गोंड, कातकरी, भिल्ल अशा कोणाविषयीही पुस्तक काढले की कडेला वारली नक्षी लावून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे, आणि ती नक्षी कोणी काढली हे श्रेयनामावलीत शोधूनही सापडत नाही. भिल्लांची पिठोरा चित्रे वेगळी, प्रधान गोंडांची ठिपक्या-रेषांची चित्रे वेगळी. महाराष्ट्रातल्या मुलाला कोल्हापुरी चप्पल आणि मोजडी यांतला फरक कळतो, तसा हाही कळू शकतो. त्याला तो दाखवला मात्र पाहिजे.

हे असे का होते, याचे एक कारण पुस्तक-खरेदीच्या रीतीत आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यात ग्रंथालयांचे जे जाळे उभे राहिले, त्याचा मला अभिमान आहे. गावोगावी वाचनालय असणे ही आपल्याकडची साधी गोष्ट इतर कित्येक राज्यांत अपूर्वाईची आहे. पण अनुदानाचा हप्ता उशिरा हाती पडतो, मार्चअखेर हिशेब मिटवायचा असतो, आणि मग बालविभागासाठी जो विक्रेता जास्त सवलत देईल त्याच्याकडून संचच्या संच उचलले जातात. त्या संचांत बोधकथा, चरित्रे आणि सामान्य ज्ञान असते. एखाद्या छोट्या संस्थेने आदिवासी भाषेत काढलेली चोवीस पानी पुस्तिका सवलत देऊ शकत नाही, तिचा विक्रेता नसतो आणि ती कोणत्याही संचात नसते. निवड समितीने ती नाकारलेली नसते. समितीपुढे ती आलेलीच नसते.

अशी पुस्तके असतात का, हा पुढचा प्रश्न. थोडी आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची बालपुस्तके आहेत आणि त्यांत गोंडी, कोरकू अशा भाषांतलीही आहेत. ती उतरवून घेऊन छापण्यास कोणाचीही हरकत नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. तिचे संग्रहालय पाहायला सहली जातात, परंतु तिची प्रकाशने तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचलेली मी क्वचितच पाहिली आहेत. ‘भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण’ या प्रकल्पात महाराष्ट्राच्या भाषांवर स्वतंत्र मराठी खंड निघाला आहे. तो मोठ्यांसाठी आहे, पण मुलांसाठी लिहू पाहणाऱ्या कोणालाही त्यात वर्षभराचे काम सापडेल. म्हणजे विहीर कोरडी नाही. पोहरा टाकणारे कमी आहेत.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. गोंडी कोणत्या लिपीत छापायची? मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी आहे, तेलंगणातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतली लिपी आहे, आणि त्या दोन्ही आता युनिकोडमध्येही आल्या आहेत. पण आपल्याकडची गोंड मुले शाळेत देवनागरी शिकतात. शिवाय यवतमाळची गोंडी आणि भामरागडची माडिया एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत, आणि कोणती प्रमाण मानायची यावर त्या समाजातच मतभेद आहेत. याचा निवाडा माझ्यासारख्या मराठी भाषकाने करू नये. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की लेखनाचे नियम ठरेपर्यंत पुस्तके थांबवावीत असा आग्रह आपण मराठीच्या बाबतीत कधी धरला नाही. अनुस्वारांवरून आपल्याकडे किती दशके भांडणे चालली आणि त्या सगळ्या काळात पुस्तके निघतच राहिली. पुस्तकावर ‘ही अमुक गावाची गोंडी आहे’ एवढे प्रामाणिकपणे छापले तरी वाद पुष्कळसा निवतो.

दुसरा आक्षेप मी नेहमी ऐकते, तो म्हणजे या भाषा वाचणारे किती. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली व तिच्या गटातील भाषा सांगणारे एक कोटी चार लाखांहून अधिक, गोंडी सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार आणि कोरकू सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेल्या कोकणीचे तेव्हाचे भाषक सुमारे साडेबावीस लाख होते, म्हणजे गोंडीहून कमी. भिली, गोंडी आणि कोरकू मात्र त्या अनुसूचीत नाहीत. आणि हे आकडे बाजूला ठेवले तरी ही पुस्तके केवळ आदिवासी मुलांसाठी हवीत असे मी म्हणतच नाही. त्या कन्नड आजोळच्या मुलाला ती तितकीच हवी आहेत.

ऑगस्ट महिन्यात ९ तारखेला जागतिक आदिवासी दिन येतो आणि तीनच दिवसांनी, १२ तारखेला, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन. पहिल्या दिवशी आम्ही दर्शनी भागात हुतात्म्यांच्या तसबिरी आणि चार चरित्रे मांडतो, दुसऱ्या दिवशी रंगनाथन यांची १९३१ सालची पंचसूत्री मोठ्याने वाचतो, ज्यात प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे एक सूत्र आहे. या दोन कार्यक्रमांचा एकमेकांशी संबंध आहे, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही.

ग्रंथालय संचालनालयाने बालविभागाच्या खरेदीतील थोडा भाग राज्यातील आदिवासी भाषांच्या व त्या भाषांविषयीच्या पुस्तकांसाठी राखून ठेवावा, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. तसे झाल्यास छोट्या प्रकाशकांना छापण्याचा धीर येईल. परंतु त्याची वाट न पाहता कोणत्याही वाचनालयाची निवड समिती पुस्तक हाती घेताना तीन गोष्टी पाहू शकते: जमातीचे व भाषेचे नाव स्पष्ट छापले आहे का, गोष्ट सांगणाऱ्याचे आणि चित्र काढणाऱ्याचे नाव आहे का, आणि त्या भाषेतले एक तरी वाक्य आत आहे का. ज्या पुस्तकात यांपैकी काहीच नाही, ते ‘आदिवासी’ या शब्दासाठी विकत घेऊ नये.

आमच्या वाचनालयापुरते सांगायचे तर, पुढील बैठकीसाठी मी कोरकू-मराठी सहा पुस्तिका रंगीत छापून, दोऱ्याने शिवून तयार ठेवल्या आहेत. छापण्यापूर्वीची प्रत त्या धारणीच्या मुलीने वाचली आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खूण करून ‘आमच्याकडे असे नाही म्हणत’ असे समासात लिहिले. त्या दोन खुणा तळटीप म्हणून मी तशाच ठेवल्या आहेत. अडचण आता वर्गांकाची, म्हणजे पुस्तक कोणत्या विषयाच्या कप्प्यात ठेवायचे ते ठरवणाऱ्या अंकाची आहे. आमच्या ग्रंथपालांचे म्हणणे असे की आजवर आदिवासींचे सगळे ३९८ खाली, लोकसाहित्यात गेले आहे, तेव्हा हेही तेथेच जाऊ द्यावे. मी त्यांना ड्यूई दशांश पद्धतीचा ग्रंथ उघडून दाखवला: मुंडा भाषांतील साहित्याला त्यात ८९५.९५ हा स्वतःचा अंक आहे. त्या अंकाचे एकही पुस्तक वाचनालयात नसल्यामुळे तो कप्पा आजवर कधी तयारच झाला नव्हता. ग्रंथपालांनी अजून होकार दिलेला नाही, पण चिठ्ठ्या मात्र कोऱ्या ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, अमरावती